डाक्टराच्या खोल्या

वाईच्या आमच्या वाड्यात मागच्या चौकाच्या डाव्या हाताला दोन खोल्या होत्या. घरात सगळे त्यांना ‘डाक्टराच्या खोल्या’ म्हणत. तिथं कधीतरी कुणी डॉक्टर भाड्यानं राहिला असणार, असं मी लहानपणी धरून चालले होते. एका मे महिन्यात मी आणि चुलतभावानं औषधाच्या बाटल्या सापडतील म्हणून तिथलं भिंतीतलं फडताळ उपसलं होतं. सापडलं ते शिकेकाईचं पुडकं, एक फुटकी बरणी आणि वर माईआजीच्या हातचा धपाटा.

माईआजी म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी काकू. पंचविशीच्या आत नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली. ती त्या खोल्यांत एकटी राहायची. तिची चूल वेगळी, रांजण वेगळा. देवळात जाताना ती दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचायची. वाड्याच्या आतल्या दाराला कुलूप घालणारी ती एकटीच. माझ्या आजीला ते कुलूप सलत असे. ‘डाक्टरानं दिलंय ना, घाल बाई कुलूप,’ असं ती पुटपुटायची. हा डाक्टर कोण, हे कळायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी वाडा पाडून नवी इमारत बांधायला द्यायचं ठरलं. त्यासाठी वारसांची यादी करायची होती. ती २६ जणांवर गेली. जुन्या पत्र्याच्या पेटीतले कागद घेऊन मी आणि भाऊ गावातल्या एका वयस्कर वकिलांकडे गेलो. त्यांनी १९४२ सालचं वाटणीपत्र उलगडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ते स्वतःशीच हसले.

‘हे बघा ताई, तुमच्या या माईआजींना बेचाळीस साली वाड्यात वाटणी मिळाली. विधवेला! कशी मिळाली असेल?’

‘आजोबा चांगले होते,’ भाऊ म्हणाला.

‘आजोबा चांगले असतीलच. पण हे देशमुख ॲक्टमुळे. डॉक्टर देशमुखांचा कायदा.’

मी विचारलं, ‘डॉक्टर?’

असा तो डाक्टर निघाला. डॉ. गोपाळ विनायक देशमुख. मुंबईचे नावाजलेले शस्त्रवैद्य, दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात मुंबईतून निवडून गेलेले काँग्रेसचे सभासद. त्यांनी खासगी सभासद म्हणून, म्हणजे सरकारतर्फे नव्हे तर स्वतःच्या पुढाकारानं, विधेयक आणलं, आणि १९३७चा १८ क्रमांकाचा कायदा, म्हणजे हिंदू स्त्रियांचा संपत्तीवरील हक्क, हा त्यातून झाला. १४ एप्रिल १९३७ला तो अमलात आला. माईआजीचा नवरा विषमज्वरानं गेला तो १९३८च्या पावसाळ्यात. दीड वर्ष आधी गेला असता, तर एकत्र कुटुंबातला त्याचा हिस्सा आपसूक दोन्ही भावांत विरघळला असता आणि तिच्या वाट्याला अन्नवस्त्र आलं असतं. अन्नवस्त्र म्हणजे दोन लुगडी, दोन वेळचं जेवण आणि जन्मभर दुसऱ्याच्या चुलीपुढं बसणं. वाडा वाईत होता हेही तिचं नशीब. डोंगरापलीकडे भोर संस्थानात असता, तर ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा तिथं लागूच नव्हता.

त्या दिवशी घरी येऊन मी या डॉक्टरांच्या मागे लागले. बँकेत तीस वर्षं आकडे जुळवण्यात गेल्यामुळे असेल, पण एखादी नोंद कुठून आली हे सापडेपर्यंत मला झोप येत नाही.

वाचत गेले तशी पहिल्यांदा निराशाच झाली. डॉक्टरांच्या मूळ विधेयकात विधवा होत्या, तशा मुलीही होत्या. स्त्री आहे एवढ्या कारणानं तिला वारसाहक्कातून वगळू नये, असा त्याचा रोख होता. विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे मसुदा तपासणाऱ्या सभासदांच्या समितीकडे, गेलं आणि परत आलं तेव्हा मुली गळाल्या होत्या. विधवा उरल्या, पण त्यांचा हक्कही अर्धामुर्धा. एकत्र कुटुंबात नवऱ्याचा जो हिस्सा असेल त्या जागी ती उभी राहणार, पुरुषासारखी वाटणीही मागू शकणार. मात्र मालकी हयातीपुरती. मसुदा इतका घाईचा की वर्षभरात, १९३८मध्ये, दुरुस्तीचा कायदा करावा लागला. पुढे १९४१मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय, तेव्हा हा कायदा शेतीला लागूच नाही. प्रांतांना त्यासाठी वेगळे कायदे करावे लागले. माईआजीच्या वाटणीपत्रात कृष्णाकाठच्या शेताचं नावही का नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं. वाड्याचाही तिसरा हिस्सा दोन खोल्यांहून मोठा व्हायला हवा होता. पण तो हिशेब आता कुणाशी करणार?

मुली गेल्या, शेत गेलं, मालकी गेली. राहिलं काय? मला त्या डॉक्टरांचा रागच आला. इतकं सगळं कापू द्यायचं, तर विधेयक आणायचं कशाला? एवढी तडजोड करण्यापेक्षा ठणकावून भाषण करावं, विधेयक फेटाळू द्यावं आणि ताठ मानेनं बाहेर पडावं, असं मला वाटलं. आपल्याकडे अशा माणसांबद्दल आदर जास्त आहे. माझ्याही मनात तो आहे.

नामदार गोखल्यांचं उदाहरण तर प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी देतं. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी किती माफक! सक्ती एकदम देशभर नाही. जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल आणि जिथं आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जात असतील तिथंच, तेही आधी ६ ते १० वयाच्या मुलग्यांना. बडोद्याच्या सयाजीरावांनी याहून कितीतरी जास्त आपल्या संस्थानात १९०६मध्येच करून दाखवलं होतं. गोखले आकडे तोंडपाठ असलेला माणूस, त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं ऐकायला विरोधकही बसत. तरी मार्च १९१२मध्ये विधेयक पडलं. बाजूनं १३ मतं, विरोधात ३८. नियुक्त आणि सरकारी सभासदांनी भरलेल्या सभागृहात दुसरं होणार तरी काय होतं? गोखल्यांना ते ठाऊक होतं. दिवस मावळायच्या आत हे विधेयक फेटाळलं जाणार, आमच्या पिढीच्या नशिबी देशाची सेवा अपयशातूनच करणं आहे, यशातून सेवा करणारे मागून येतील, अशा अर्थाचं ते भाषणात बोलले. शाळेत हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

मागून कोण आलं, ते मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही. विठ्ठलभाई पटेल आले. सरदारांचे थोरले भाऊ. मुंबई प्रांताच्या कौन्सिलात तेही खासगी सभासदच. त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळाचा नाद सोडला, सगळ्या हिंदुस्थानाची गोष्ट सोडली, जिल्हा बोर्डं सोडली, मुंबई शहरही सोडलं. प्रांतातल्या जिल्हा नगरपालिकांना हवं असेल तर त्यांनी आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करावं, एवढंच मागितलं. ते १९१८मध्ये मिळालं. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हा पहिला कायदा. त्याला ‘पटेल ॲक्ट’ म्हणत. मागोमाग इतर प्रांतांनीही तसे कायदे केले.

गोखले अयशस्वी आणि पटेल यशस्वी, असं म्हणायला जीभ रेटत नाही. विठ्ठलभाईंना रस्ता सापडला, कारण तो अमुक ठिकाणी बंद आहे हे गोखल्यांनी डोकं आपटून दाखवलं होतं. पण एक फरक मला दिसतो. आपलं विधेयक नेमकं कुणाच्या टेबलावर अडणार आणि काय काढून टाकलं तर ते टेबल ओलांडेल, हे विठ्ठलभाईंनी ओळखलं. ही दृष्टी वक्तृत्वापेक्षा वेगळी आहे. ती थोडी वाण्याची आहे, थोडी कारकुनाची. नियमांची बारीक छपाईची पुस्तकं वाचणाऱ्याला ती येते. पुढं हेच विठ्ठलभाई मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले आणि नियमांच्या जोरावर त्यांनी सरकारला जेरीस आणलं, याचं मला आता नवल वाटत नाही.

डॉ. देशमुखांकडे पुन्हा बघितलं, तेव्हा राग जरा उतरला. शस्त्रवैद्याला कापाकापीचं काय, असा सोपा विनोद सुचतो, पण तो सोडून देते. खरं म्हणजे हा माणूस कापून घेऊन गप्प बसला नाही. १९३८मध्ये त्यांनी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारं विधेयक आणलं. ते अडलं. मग आठ वर्षांनी, १९४६मध्ये, विवाहित हिंदू स्त्रीला ठरावीक कारणांसाठी वेगळं राहून पोटगी मागता येईल असा कायदा त्यांच्याच पुढाकारानं झाला. पुन्हा अर्धी भाकरी. घटस्फोट नाही, पण दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा. आणि १९३७च्या कायद्यात इतक्या फटी राहिल्या होत्या की त्या बुजवायला दुरुस्तीची विधेयकं येऊ लागली. शेवटी सरकारनं १९४१मध्ये बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे ज. र. घारपुरे तिच्यात होते. मुलींच्या हक्काचं काय, हा प्रश्न देशमुखांच्या कायद्यानं उघडा टाकला होता. तो या समितीच्या टेबलावर आला, आणि समितीनं सांगितलं की ठिगळं लावत बसू नका, सगळी संहिताच करा. त्यातून हिंदू कोड बिल आलं.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे. डॉ. आंबेडकर कायदेमंत्री झाले. विवाह, घटस्फोट, दत्तक, वारसा हे सगळं एका विधेयकात घेऊन ते संसदेत उभे राहिले. चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि मोजकी कलमं संमत झाल्यावर सप्टेंबर १९५१मध्ये सरकारनं ते बाजूला ठेवलं. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणं आणखीही होती, पण हे मोठं होतं.

त्यानंतरचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका विधेयकाचे चार तुकडे केले गेले आणि १९५५-५६मध्ये ते चार कायदे म्हणून एकामागून एक संमत झाले. विवाहाचा आणि वारसाहक्काचा कायदा लोकसभेत रेटणारे मंत्री होते हरि विनायक पाटसकर, जळगावचे खासदार. पाटसकरांचा पुतळा मी कुठं पाहिलेला नाही. त्यांच्या नावानं कुणी घोषणा देत नाही, आणि देऊ नये असंही मला वाटतं. कारण विचार बाबासाहेबांचा होता, किंमतही त्यांनीच मोजली होती. पाटसकरांकडे होती ती चिकाटी: एक एक खंड मतास टाकायचा, सत्तर जणांच्या सत्तर शंका ऐकायच्या, तीच उत्तरं आवाज न चढवता पुन्हा द्यायची. हे काम कुणाला आठवत नाही. पण ते करणारा कुणी नसेल, तर कायदा होत नाही.

हे सगळं माईआजीच्या दोन खोल्यांपर्यंत येतं, म्हणून सांगतेय. वाटणीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं: ‘हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, विक्री, गहाण वगैरे करू नये.’ माझा भाऊ म्हणाला, मग तिच्या मृत्युपत्राला काय अर्थ? वकिलांनी पुन्हा चष्मा चढवला. १७ जून १९५६ला हिंदू वारसा कायदा लागू झाला, आणि त्याच्या १४व्या कलमानं हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत पूर्ण मालकीची केली, आधी मिळालेलीसुद्धा. हयातीपुरतं असं कागदात लिहिलेलं असलं तरी? तिचा हक्क मुळात कागदाआधीचा असेल तर हो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७मध्ये तुळसम्मा खटल्यात सांगून ठेवलंय. माईआजीचा हक्क कागदाआधीचाच होता. तो डाक्टरानं दिला होता.

आता कल्पना करा, देशमुखांनी १९३७मध्ये ‘मुलींसकट, मालकीसकट, नाहीतर काही नको’ असं म्हटलं असतं तर? विधेयक पडलं असतं. १९५६ साल उजाडेपर्यंत माईआजीच्या ताब्यात काहीच नसतं, आणि जे ताब्यात नाही त्याची मालकी १४वं कलम कशी देणार? अर्धा हक्क चौदा वर्षं दोन खोल्यांत कुलूप लावून बसून राहिला, म्हणून पूर्ण हक्काला चिकटायला जागा मिळाली. हे डॉक्टरांना आधीच दिसलं होतं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्याला धरायला दांडा राहील अशा जागी त्यांनी कापलं, हे खरं.

कापण्याची किंमत मात्र कुणीतरी भरतच असतं. १९३७च्या प्रवर समितीत गळालेल्या मुली, त्यात मी होते. १९५६मध्ये मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क नाही. महाराष्ट्रानं तो १९९४मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून. माझं लग्न १९९१चं. मला तो मिळाला २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनं. ३७ ते ०५, म्हणजे ६८ वर्षं. ‘थोडं थोडं मिळवू’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा उशाशी ठेवून झोपावं.

हल्ली आमदार-खासदारांची प्रगतिपुस्तकं निघतात. हजेरी किती, प्रश्न किती, लक्षवेधी किती. चांगलंच आहे, निदान कुणीतरी मोजतंय. गावात तर आमदाराची परीक्षा दहाव्याला आला का आणि गटार झालं का, यावर होते. कायदा हा विषय पेपरातच नसतो. त्यालाही बिचाऱ्या आमदाराचा दोष थोडाच. शुक्रवारी दुपारी अशासकीय, म्हणजे खासगी सभासदांच्या विधेयकांचं, कामकाज असतं, बाकं ओस पडलेली असतात, सभासद गाडीला निघालेले असतात. स्वातंत्र्यानंतर संसदेत खासगी सभासदांची मोजून १४ विधेयकं कायदा झाली. फिरोज गांधींचं १९५६चं त्यातलं एक: संसदेतलं कामकाज छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला भरता येऊ नये म्हणून. शेवटचं १९७०चं. त्यानंतर एकही नाही. १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर तर पक्षादेशापुढं एकट्या सभासदाची मान वरच होत नाही.

तरी वाट बुजत नाही, वळसा घेते. द्रमुकचे तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेनं संमत केलं. खासगी विधेयकाला एका सभागृहानं होकार द्यायची ४५ वर्षांतली ती पहिली वेळ. लोकसभेत ते पुढं सरकलं नाही. सरकारनं स्वतःचं विधेयक आणलं, ते २०१९मध्ये कायदा झालं. शिवांच्या मूळ मसुद्यापेक्षा ते फिकं आहे असं त्या समाजातले अनेक जण म्हणतात, आणि मला ते पटतं. पण सरकारला कागद हातात घ्यायला लावला तो एका विरोधी सभासदानं. ‘सरकार याबाबत सर्वंकष विधेयक आणेल, सन्माननीय सदस्यांनी आपलं विधेयक मागं घ्यावं’ हे वाक्य मंत्र्याच्या तोंडून वदवून घेणं, हाच आजकालचा विजय.

आणि एक माणूस तर असा होता की त्याला सभागृहात विधेयक मांडायचीच सोय नव्हती. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या खुर्चीवरून बाजू घेता येत नाही. पागेंनी काय केलं, तर मागेल त्याला काम ही कल्पना १९६५मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरच्या आसपास लहान प्रमाणात करून पाहिली. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी ती उतरवली. बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर लागली. १९७७मध्ये तिचा कायदा विधिमंडळानं संमत केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पण मला खरी हुशारी दिसते ती पैशात. या कामांसाठी १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, आणि जितका कर गोळा होईल तितकीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. माझ्या पगारातून तीस वर्षं तो कापला जायचा. अलीकडे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. दर फेब्रुवारीला कँटीनमध्ये कुणीतरी त्यावरून कुरकुरायचंच, मीही कुरकुरले आहे. ते पैसे कुठून कुठं जातात हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. हक्क कायद्यात लिहिणं सोपं, त्याच्या शेजारी पैशाची नळी जोडून ठेवणं अवघड. पागेंच्या योजनेला ती जोडलेली होती. २००५मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

माईआजी १९८३ साली गेली. मृत्युपत्रात तिनं त्या दोन खोल्या माझ्या आत्याला दिल्या. आत्या तेव्हा माहेरी परत आलेली होती, त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. एका पानाचं मृत्युपत्र आहे. ‘माझ्या मालकीच्या दोन खोल्या’ असे शब्द आहेत, आणि खाली माईआजीची वेडीवाकडी सही. अंगठा नाही, सही.

वाडा पाडायच्या आदल्या महिन्यात मी आत्याला हे सगळं सांगायला गेले. ती आता नव्वदीला टेकलीये. देशमुख, विठ्ठलभाई, पाटसकर, कलम १४, सगळं उत्साहानं सांगितलं. तिनं शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, ‘हा डाक्टर कोण, हे माईआजीला माहीत होतं का गं?’

‘तिला कशाला माहीत असेल?’ आत्या म्हणाली. ‘तिला वकिलाची फी माहीत होती. साताऱ्याला जाऊन पाटल्यांचा जोड मोडला होता तिनं. तुझ्या आजोबांना सांगितलं, विहिरीत पडला.’